बदकाचा काय संबंध?

"कृपया बदकाच्या विष्ठेचा सुगंध ग्रहण करावा," असं त्या बाईंच्या हातातला फोन म्हणाला आणि दाजींनी माझ्याकडे पाहिलं.

बाई चिनीत बोलायच्या, फोन मराठीत. तेही असं तुपातलं मराठी, की सांगली आकाशवाणीवर सकाळच्या बातम्या लागल्यात असं वाटावं. 'आसनस्थ व्हावे', 'प्रवास सुखाचा झाला ना' इथपर्यंत त्यानं सगळं ठाकठीक निभावलं होतं. त्यामुळे हा आता मध्येच बिघडला असं म्हणायला जीभ रेटेना.

"नव्या मॉडेलचं नाव असेल," दाजी हळूच म्हणाले. "रेट विचार."

दाजींची शंका अगदीच वेड्यासारखी नव्हती. त्यांचं सांगलीत सॅनिटरीवेअरचं दुकान आहे आणि आम्ही बसलो होतो ते एका कारखान्याच्या शोरूममध्ये, कमोडांच्या तीन रांगांच्या मधोमध. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातलं चाओचौ हे चिनी मातीच्या धंद्याचं माहेरघर. फुंकर मारली तर तडा जाईल अशा पातळ कपापासून ते शंभर किलोचा माणूस बसला तरी हूं की चूं न करणाऱ्या कमोडापर्यंत सगळं या गावात भाजलं जातं. ग्वांगचौला 1957 पासून वर्षातून दोनदा कँटन फेअर भरतं. एप्रिलच्या फेरीला दाजी गेले आणि तिथून भाव थेट कारखान्यात करावा म्हणून इकडे आले. सोबत मी, कारण भाच्याची परीक्षा होती आणि दाजींना एकट्यानं जेवायची सवय नाही.

तर बाईंनी ज्याचा सुगंध ग्रहण करायला सांगितला तो चहा होता. त्याचं नाव 'या शी श्यांग'. या म्हणजे बदक, श्यांग म्हणजे सुगंध, आणि मधल्या 'शी'चा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. चिनी आणि मराठी या दोन भाषा एवढ्या एकाच शब्दावर अशा एकदिलानं याव्यात, याचं मला कौतुक वाटलं.

चाओचौत चहा पाजल्याशिवाय कुणी बोलायला सुरुवात करत नाही. हार्डवेअरचं दुकान असो, दवाखाना असो, पंक्चरवाला असो. एक जाळीचा ट्रे, त्यावर झाकणाची वाटी आणि तीन कप मांडलेले असतातच. चहाच्या पत्तीला ही मंडळी त्यांच्या बोलीत 'चहा-तांदूळ' म्हणतात. म्हणजे घरात तांदूळ संपला हे जितकं लाजिरवाणं, तितकंच हे. या चहापानाला नाव 'कुंग फू चहा'. शब्द तोच, मारामारीवाला; मूळ अर्थ वेळ आणि कष्ट ओतून कमावलेलं कसब. 2008 साली चीननं आपल्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत तो घातला आणि 2022 मध्ये युनेस्कोनं चिनी चहाची परंपरा आपल्या यादीत घेतली, त्यात यालाही जागा मिळाली. युनेस्कोच्या यादीतला चहा कमोडांच्या शेजारी बसून पिणारे सांगलीकर आम्ही पहिलेच असू.

बाईंनी वाटीत पत्ती घातली. पत्ती कसली, वाळलेल्या गवारीच्या शेंगा म्हणा. लांब, पिळलेल्या, तपकिरी-काळ्या. वाटी जेमतेम आमटीच्या वाटीएवढी आणि पत्ती सात-आठ ग्रॅम. आमच्या घरी एवढ्यात सत्यनारायणाची पंगत उठते. वर उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि लगेच तो सगळा चहा त्यांनी ट्रेवर ओतून दिला!

"अहो, सांडला!" दाजी अर्धे उठले.

सांडला नव्हता. पहिलं पाणी पत्ती धुवायला आणि कप तापवायला. आपल्याकडे पहिल्या धारेची म्हटलं की माणसं ज्या गोष्टीसाठी कोस-कोस चालत जातात, ती या लोकांनी गटारात सोडली, हे दाजींच्या मनाला फार लागलं. नंतर दिवसभरात हा विषय त्यांनी चार वेळा काढला.

मग खरी ओतणी. कप तीनच, संध्येच्या पळीत मावेल एवढ्या मापाचे. घरात माणसं तीन असोत की तेरा, कप तीन. आधी वडीलधारे, मग पाहुणे, मग बाकीचे. प्रत्येकाचं झालं की कप उकळत्या पाण्यात घोळवून पुढच्याला. दाजींच्या डोक्यात उष्टं-खरकटं सुरू झालेलं मला त्यांच्या कपाळावर दिसत होतं. पण कप असा चटका देणारा होता, की त्यावर कुठलाही जंतू किंवा शंका टिकणं अवघड. ओतायचीही रीत. तिन्ही कप एकमेकांना खेटून आणि हात त्यांच्यावरून गोल फिरत राहणार, म्हणजे एकाला पाणचट आणि दुसऱ्याला कडक असं व्हायला नको. या फेरीला 'ग्वान गोंग शहराची गस्त घालतो' म्हणतात आणि शेवटचे थेंब एकेका कपात मोजून टाकतात त्याला 'हान शिन सैन्य मोजतो'. दोघेही इतिहासातले नामांकित सेनापती. आमच्याकडे आजी नातवंडांच्या वाट्यांत आमरस वाढताना नेमकं हेच करायची. शिपाई मोजायचीही आणि गस्तही घालायची. फक्त तिला कुणी सेनापतीचं नाव दिलं नाही.

चहा मिळाला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करायची, म्हणजे आभार. हे आम्हाला उशिरा कळलं. सांगलीच्या हॉटेलात टेबल वाजवलं की 'लवकर आण रे' असा अर्थ होतो आणि वेटर मुद्दाम उशीर करतो. दाजींनी एकदा सहज टकटक केली, बाईंनी हसून मान झुकवली. मग दाजी दर कपाला भजनी ठेका धरायला लागले.

दूध-साखरेचा प्रश्न मात्र त्यांनी विचारला नाही. त्याचं श्रेय माझ्या बुटाला. टेबलाखालून त्यांचा पाय मी चांगला दाबून धरला होता.

आणि चहा? बाईंनी वाटीचं झाकण उलटं करून आमच्या नाकाशी धरलं. मी तयारीनं श्वास रोखला होता, पण किती वेळ रोखणार? सोडला, घेतला आणि एकदम मिरजेच्या मामांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. अनंत! अनंताचं फूल रात्रभर सायीच्या भांड्याशेजारी ठेवलं तर पहाटे जो वास येईल तो. त्यात फूल घातलेलं नाही, अत्तर नाही, काही नाही, नुसतं पान. घोट घेतला तर आधी गोडसर, मग थोडा तुरट, आणि गिळून झाल्यावर घशातून उलटा गोडवा वर येतो, आवळा खाऊन पाणी प्यावं तसा. दाजींनी तिसरा कप संपवला आणि म्हणाले, "बदकं खातात तरी काय इथली?"

बदकाचा काय संबंध, ही गोष्ट मग फोननं त्याच धीरगंभीर आवाजात सांगितली. चाओचौच्या उत्तरेला फंगहुआंग डोंगर आहे, म्हणजे फिनिक्स पक्ष्याचा. तिथल्या एका शेतकऱ्याकडे चहाचं एक झाड असं निघालं, की त्याच्या पत्तीनं सगळ्या गावाला वेड लावलं. जो तो विचारायचा, बाबा रे, कुठली जात ही? त्याच्या मळ्यातली माती पिवळट-तपकिरी, तिला लोक बदकाच्या शिटेची माती म्हणायचे. झाडाच्या फांद्या कुणी चोरून नेऊ नयेत म्हणून त्यानं ठोकून दिलं, "कसली जात घेऊन बसलात? बदकाच्या शिटेचा वास आहे झालं." त्याचा हिशेब असा, की एवढं ऐकल्यावर कोण हात लावेल? लोकांनी फांद्या चोरल्या त्या चोरल्याच. वर नावही चोरलं.

मला या शेतकऱ्यात परकं काही वाटेना. आमच्या घराण्यात दगडू आहेत, धोंडू आहेत, भिकाजी दोन आहेत. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव मुद्दाम ओंगळ ठेवायचं, म्हणजे सटवी असो की काळ असो, त्याला वाटावं हे काही न्यायच्या लायकीचं नाही. पुण्यातल्या मारुतींची नावं घ्या. जिलब्या, डुल्या, भिकारदास! विठोबा पासोड्या आणि मुरलीधर तर चक्क खुन्या. एकाचंही भक्तांवाचून अडलेलं नाही.

शिवाय या डोंगरावरच्या चहाचं कुळनाव 'डानत्सोंग', म्हणजे एकटं झाड. एकेका झाडाची पानं वेगळी खुडून, वेगळी वाळवून, त्या झाडाच्या वासावरून त्याला नाव द्यायची तिथली जुनी रीत. मध-ऑर्किडच्या वासाचं एक, बदामाचं एक. अनंताचं, मोगऱ्याचं आणि आपल्या सोनटक्क्याच्या वासाचंही आहे. ही यादी ऐकताना मला सारखी आमची जुनी आमराई आठवत होती. कलमं येण्याआधी रायवळ आंब्याच्या प्रत्येक झाडाला असंच नाव असायचं. शेपूचा वास येतो तो शेप्या, खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या, साखऱ्या, शेंदऱ्या, आणि जो पिकून उपयोग नाही तो लोणच्या. हापूस आला आणि ही सगळी मंडळी जळणात गेली. फंगहुआंगवाल्यांनी आपले शेपे-खोबरे सांभाळले. नाव शेणाचं का असेना.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला डोंगरावर त्यांच्या मामाकडे नेलं. कमोडाचा सौदा अजून अडलेला होता आणि त्यांना बहुधा वाटलं, वरच्या हवेनं दाजी मऊ पडतील. वाटेत गावाबाहेर नदी लागली, हान नावाची. आठशे एकोणीस साली हान यू नावाच्या मोठ्या पंडिताची सम्राटानं इथे हकालपट्टी केली. नदीत तेव्हा मगरी सुटल्या होत्या, जनावरं ओढून नेत होत्या. हान यूनं काय करावं? मगरींच्या नावे लेखी हुकूम काढला, अमुक दिवसांत हद्द सोडा, नाहीतर कारवाई होईल. मगरी गेल्या म्हणतात आणि नदीला त्याचं नाव मिळालं. आम्ही दोघे कृष्णाकाठचे. आमच्या घाटावर आजही मगर उन्हाला पडते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो येतो. दाजी बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्याकडे नोटीस काढली तर मगर स्टे आणेल."

डोंगराची सर्वांत उंच शेंडी 1500 मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या तोडीची. तसंच धुकं, तसलीच वळणं आणि तसेच दाजी, दर वळणाला खिडकीतून तोंड बाहेर. वर वूडोंगच्या बाजूला चहाची झुडपं नाहीत, झाडं आहेत. अंगावर शेवाळ घेतलेली, शिडी लावून खुडावी लागणारी. तेराव्या शतकाच्या शेवटी मंगोलांपासून पळणारा सुंग घराण्याचा बालसम्राट इथे तहानेला आला आणि या झाडाच्या पानांनी त्याची तहान भागली, अशी दंतकथा सांगतात. खरी-खोटी डोंगराला माहीत. डोंगरभर मी एक गोष्ट मात्र नीट शोधली, ती म्हणजे बदक. एक दिसलं नाही.

चहा कसा करतात ते पाहायला आम्ही मामांकडे रात्रभर राहिलो. दुपारी खुडलेली पानं आधी थोडा वेळ उन्हात, मग घरात गोल बांबूच्या सुपांवर पसरून. संध्याकाळपासून मामा आणि त्यांचा मुलगा दर दीड-दोन तासांनी उठणार, दोन्ही हातांनी ती पानं उचलून अलगद एकमेकांवर आपटणार, पुन्हा पसरून ठेवणार. त्यानं पानाच्या कडा दुखावतात आणि तांबूस होतात. वांगं चिरून पाण्यात टाकायचं विसरलं की जे होतं तेच. फक्त गृहिणी त्यावर चरफडते आणि मामा त्याचीच वाट बघत बसतात. पान सगळं काळं होऊ दिलं तर झाला काळा चहा. मुळीच होऊ दिलं नाही तर हिरवा. ऊलोंग म्हणजे मधला, कडेला लाल आणि पोटात हिरवा. कुठे थांबायचं हे घड्याळ सांगत नाही, नाक सांगतं. पहिल्या खेपेला खोलीत नुसता ओल्या गवताचा वास होता. अकराच्या सुमाराला काकडी कापल्यासारखा. पहाटे दोनला मला जाग आली ती वासानं. कुणीतरी खोलीत फुलांची परडी आणून ठेवलीय असं वाटलं. बघतो तर मामा अंधारात सुपात तोंड घालून उभे, आणि त्यांच्या शेजारी दाजी. बाळंतिणीच्या खोलीत दोन आज्या असाव्यात तसे दोघे. एकमेकांची भाषा येत नव्हती, फोन चार्जिंगला लावलेला. तरी दाजींनी मान हलवली आणि मामांनी पानं कढईत घालायला नेली. पुढे बरीच वर्षं दाजी सांगणार आहेत, की त्या वर्षीचा माल त्यांनी उतरवला.

कढईच्या आचेनं पानाचं लाल होणं थांबतं, मग पिळायचं, मग वाळवायचं आणि शेवटी निखाऱ्याच्या मंद धगीवर भाजायचं. या भाजण्यातच सगळं आहे. जास्त भाजलं की कॅरमेलचा, लाकडाचा वास येतो, तोही काहींना आवडतो, पण फूल मरतं. कमी भाजलं तर पान कच्चं, पोटाला बाधतं म्हणतात. लाडवाचा रवा कसा, खमंग झाला पाहिजे आणि रंग तर चढता कामा नये, तसं. भाजल्यावरही लगेच प्यायचा नाही, काही आठवडे ठेवून त्यातली आग उतरू द्यायची.

एवढ्या जागरणानंतर त्याला म्हणायचं काय, तर बदकाची शी. ज्यांना याची लाज वाटली अशी माणसं तिथेही निघाली. 2014 साली नाव रीतसर बदलून 'यिन ह्वा श्यांग' म्हणजे चंदेरी फुलाचा सुगंध असं केलं. छान आहे. सोज्ज्वळ आहे. कुणी वापरत नाही. नामकरण होऊन गेलेले आपले रस्ते आणि चौक आठवा. पाटीवर एक आणि रिक्षावाल्याला दुसरं. उलट गेल्या काही वर्षांत चीनच्या शहरांतल्या पोरापोरींनी या चहाचं लिंबू घालून केलेलं सरबत डोक्यावर घेतलं, ते जुन्याच नावानं. 'चंदेरी फूल' मागवून मैत्रिणीला हसवता येत नाही.

निघताना दाजींनी पाव किलो घेतला. भाव तिथे अर्ध्या किलोवर सांगतात, ऐकून दाजी कमोडाच्या भावाला एकदम राजी झाले. त्यातला एक डबा माझ्या वाट्याला आला.

घरी आल्यावर मी शेतकऱ्याचीच युक्ती केली. डबा दिसला की पाहुणे 'जरा चव तर बघू' म्हणणार, आणि एका 'जरा'त आपल्याकडे अर्धा डबा जातो. म्हणून मी येईल त्याला आधी नाव सांगायचो, मग भाषांतर. काम फत्ते. मेहुणीनं उचललेला कप खाली ठेवला. शेजारच्या भाऊंनी गुडघ्यांचा विषय काढला. बायकोनं तो डबा फिनाइलच्या शेल्फवर ठेवला.

राहिली आत्या. वय शहाऐंशी.

"कसली शी?" तिनं विचारलं.

"बदकाची."

"मग? जन्म गेला शेणानं सारवण्यात. आण इकडे."

मी त्या झाकणाच्या वाटीशी रोज झटत होतो. झाकण किंचित तिरकं धरून, एका हातानं, उकळता चहा ओतायचा असतो. रोज माझी बोटं भाजायची, चहा मनगटावरून कोपरापर्यंत जायचा आणि तेवढ्या वेळात आतली पत्ती कारल्यासारखी कडू व्हायची. हा चहा काही क्षणांचाच धनी. रेंगाळलात की सूड उगवतो. आत्यानं वाटी हातात घेतली, झाकण बोटभर सरकवलं आणि एका धारेत चहा काढून मोकळी झाली. थेंब सांडला नाही.

"तुला कुणी शिकवलं?"

"भात वेळायला कुणी शिकवतं का?" ती म्हणाली. मग वास घेतला आणि थोडा वेळ गप्प बसली. "आपल्या वाड्यात अनंत होता. विहिरीकडे. नाव कुणी ठेवलंय म्हणालास?"

मी शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. तिला नवल वाटलं नाही. तिचा थोरला भाऊ केरबा; आधीची दोन गेली म्हणून जन्मल्यावर त्याला केरात लोळवून उचललं होतं. नव्वदी त्यानं सहज पार केली. "शहाणा दिसतो तो," असं ती चिनी शेतकऱ्याबद्दल म्हणाली आणि दुसरा कप काढला. मग तिसरा. त्याच पत्तीवर आठ-दहा वेळा पाणी ओतता येतं हे कळल्यावर तिला चिनी लोकांबद्दल फारच आदर वाटायला लागला.

पंधरा दिवसांत डबा निम्मा झाला. विचारलं तर ऐकू येत नाही म्हणाली. पुढे उलगडा झाला. गुरुवारी तिची भिशी असते. बायकांनी त्या वाटीतलं काय म्हणून विचारलं, तेव्हा हिनं बसल्या बसल्या ठोकून दिलं होतं, "मूळव्याधीचा काढा आहे. चिनी." म्हणजे कुणी मागायला नको.

तेव्हापासून घरची बेल वेळी-अवेळी वाजते. समोरच्या काकू आल्या, त्यांच्या नणंदेसाठी हवा होता. कोपऱ्यावरच्या वहिनी आल्या, त्यांच्या एका लांबच्या ओळखीच्यांसाठी. परवा वरच्या मजल्यावरचे काका आले, इकडे-तिकडे बघितलं, पाऊसपाण्याचं बोलले. जाताना चपलेत पाय घालता घालता अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्या काढ्यात दूध-साखर घातली तर गुण जातो का हो?"